घरून काय आणलं?

बाईंकडे रिकाम्या हाताने गेलं की त्या परत पाठवायच्या. पेढ्यांचा पुडा घेऊन गेलं तर त्याहून लवकर परत पाठवायच्या. दारात उभ्या राहून त्या एकच विचारायच्या, "घरून काय आणलं?" आणि या प्रश्नाला पेढे हे उत्तर नव्हतं. हे कळायला मला तीन खेपा आणि एक रडणं लागलं.

अमरावतीला राजापेठेत एका सायकलच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथे बाईंचा संग्रह होता, लोकांच्या आठवणींचा आणि घरच्या वस्तूंचा. पाटी नव्हती. जिना इतका अरुंद की वरून कोणी उतरत असेल तर खालच्याने मुकाट्याने मागे फिरायचं. बाई कॉलेजातून इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. सुती लुगडं आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, असा त्यांचा बारमाही वेष. बोलणं अस्सल अकोल्याकडचं. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने एकदा भीत भीत विचारलं होतं, "बाई रागावल्यात का?" त्या वेळी बाई त्याला चहा घ्यायचा आग्रह करत होत्या.

आम्ही एमएच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या विभागप्रमुखांच्या मनात आलं की पत्रकारितेची मुलं वर्तमानपत्रांत इंटर्नशिपला जातात, तर इतिहासाच्या मुलांनी काय घोडं मारलंय? झालं, आम्हा दोघींना बाईंकडे पाठवलं. बाईंना तो शब्दच मान्य नव्हता. "उमेदवारी म्हना. इंटर्नशिप सर्टिफिकिटासाठी करते. उमेदवारीत मानूस हात भाजून घेते." त्यांच्याकडे खरं तर भाजण्यासारखं काही नव्हतं. कपाटं होती, कॅसेटी होत्या, दोन टेपरेकॉर्डर होते आणि खोकीच खोकी. शेजारच्या गाळ्यात अकरावी-बारावीची ट्यूशन चालायची. मधली भिंत पातळ होती. त्यामुळे संग्रहात ध्वनिमुद्रित झालेल्या प्रत्येक म्हातारीच्या आठवणीमागे एक सर ठणठणीत आवाजात न्यूटनचा तिसरा नियम सांगत असतात. बाईंनी कधी तक्रार केली नाही. "तेही त्याच दिवसाचं हाय," म्हणायच्या.

ती वर्षं वऱ्हाडाची वाईट होती, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. आमच्याकडे तेव्हा पाहुणे फार येत. कॅमेरेवाले, अहवालवाले, समित्यावाले, सगळे. गाड्या गावात शिरायच्या, कोणाच्या तरी घरी रडं नुकतंच थांबलेलं असायचं, ते पुन्हा सुरू करून गाड्या परत जायच्या. बाईंना त्याचा संताप होता. "लोकाच्या घरात जाऊन म्हनते, दुःख दाखवा. आपल्या घरचं दाखवलं का कोनाले कधी?" म्हणून त्यांचा दंडक असा, की ज्याला या संग्रहासाठी दुसऱ्याकडून काही मागायचं असेल, त्याने आधी स्वतःच्या घरचं काहीतरी इथे आणून द्यायचं. वस्तू चालेल, आवाज चालेल. पण घरातलं हवं. सांगताना जीभ अडखळली पाहिजे, असं.

आणि हा दंडक त्यांनी आधी स्वतःला लावला होता. नव्या मुलांच्या पहिल्या दिवशी बाई कपाटातून नाण्यांवरचं एक जाडजूड पुस्तक काढायच्या आणि उभ्यानेच सांगायच्या. कॉलेजच्या ग्रंथालयातून हे महागाचं पुस्तक गहाळ झालं, तेव्हा तरण्या होत्या बाई, तोंडही तरणं होतं. ग्रंथालयातल्या शिपायाचं नाव त्यांनी घेतलं. बाईंचा शब्द म्हणजे पुरावा. त्याची नोकरी गेली. पुढे बाईंनी घर बदललं तेव्हा पुस्तक त्यांच्याच ट्रंकेत, हिवाळी कपड्यांखाली निघालं. त्या शिपायाला शोधत अकोल्याला गेल्या, तर तो वारला होता. त्याच्या बायकोने सगळं ऐकायच्या आतच दार लावून घेतलं.

"तिचं बरोबर होतं," एवढं बोलून बाई पुस्तक परत कपाटात ठेवायच्या. मग खाली बसून पेरूला तिखट-मीठ लावून खायच्या आणि आम्हालाही फोड द्यायच्या. मी ती फोड हातात धरून नुसती बसले होते. माझ्या घरात, माझ्या ओळखीपाळखीत, असं स्वतःबद्दल उभं राहून बोलणारं माणूस मी पाहिलंच नव्हतं. शिक्षक तर नाहीच नाही.

बाईंच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. खेड्यावर जाताना त्या स्वतःचा वेताचा मुढा बरोबर न्यायच्या. खाटेवर बसलं की आपण पाहुणे होतो, जमिनीवर बसलं की नाटक होतं, असं त्यांचं म्हणणं. परतवाड्याच्या गाडीत एकदा कंडक्टरने त्या मुढ्याचं तिकीट मागितलं. बाईंनी दिलं, आणि मग त्या मुढ्याला खिडकीची जागा मिळावी म्हणून पुढच्या स्टॉपपर्यंत कंडक्टरशी भांडल्या. "तिकीट फाडलं ना? मंग तो बी प्रवासी हाय." शेवटी कंडक्टर हसायला लागला, आणि उतरताना मुढा त्यानेच खाली उचलून दिला. प्रश्न विचारायची त्यांना घाई नसायची. एका बागवानांच्या घरी, फळांचा पिढीजात धंदा असलेल्या म्हाताऱ्या आजोबांसमोर, बाई संबंध सकाळ काही न विचारता संत्री निवडत बसल्या होत्या. आजोबा उर्दूत पुटपुटत, बाई वऱ्हाडीत हुंकार देत. दुपारी आजोबा आपणहून बोलायला लागले ते थांबेचनात.

एकदा मोठ्या शहरातून एक प्राध्यापक आले. गाडी, कॅमेरा, दोन मदतनीस. त्यांना आमच्या कॅसेटी हव्या होत्या. बाईंनी दारातच विचारलं, "घरून काय आणलं?" ते म्हणाले, "मोठा प्रकल्प आणलाय, बाई." "ते हापिसातलं झालं." प्राध्यापक हसले, इंग्रजीत काहीतरी म्हणाले, जिना उतरले. आम्हाला वाटलं, गेले. पण गाडी काही हलेना. बऱ्याच वेळाने ते एकटेच वर आले, मदतनिसांना खाली ठेवून. बाईंनी टेप लावला आणि आम्हाला बाहेर काढलं. ती कॅसेट पुढे मीच ऐकून कागदावर उतरवून काढली. त्यात काय होतं ते मी सांगणार नाही. पण त्यानंतर त्या गृहस्थांचं नाव कुठे छापून आलं की मला त्यांच्याविषयी माया वाटते.

आता माझं.

माझ्या बाबांचं तालुक्याच्या गावी कृषी केंद्र होतं. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. बाबांचा माल कोणी पाहून घेत नसे, बाबांना पाहून घेत. काउंटरवर ते नेहमी म्हणायचे, "माह्या घरचं समजून ने." एका वर्षी नव्या कंपनीचा माणूस फुलगोबीचं बियाणं ठेवून गेला. आमच्या आसपास भाजीपाल्याची गावं पुष्कळ. बाबांनी ते बियाणं आपल्या शब्दावर विकलं. झाडं वाढली, पानं हत्तीच्या कानाएवढी झाली, पण गड्डा धरेचना. एकाच्याही वाफ्यात नाही. कंपनीचा माणूस फोन उचलेनासा झाला. लोक बाबांना फार काही बोलले नाहीत, हेच वाईट झालं. बाजारात भाजीवाल्या बाया आईला भाजी मोजून द्यायच्या, पण तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. बाबांनी एके दिवशी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. ते बसले ते बसलेच. जेव म्हटलं की जेवायचे. आमचं घर दोन वर्षं तसं चालू होतं.

माझ्याबरोबरची दुसरी उमेदवार प्रणिता. ती शेजारच्या खेड्यातली, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. मी कोणाची मुलगी ते तिला ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे मला. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, घरून काय आणलं, तर तिने पिशवीतून बियाण्याचा रिकामा डबा काढून टेबलावर ठेवला. त्यावर आमच्या दुकानाचा गोल शिक्का होता. "आमच्या घरचं हे हाय," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

बाईंनी डबा पाहिला, शिक्का वाचला, मग आमच्या अर्जांवरची आडनावं वाचली. माझं देणं बाकी ठेवून आम्हा दोघींना एकच टेबल दिलं. मुद्दाम दिलं का, हे आजतागायत मला ठरवता आलेलं नाही. आम्ही समोरासमोर बसून कामं करायचो. "गोंद दे." "कात्री घे." याच्यापुढे संभाषण नाही.

मी पहिल्या खेपेला आजोबांच्या सत्काराची चौकट नेली. बाई म्हणाल्या, "हे भिंतीवरचं हाय." दुसऱ्या खेपेला आजीचा पितळी पानडबा. "हे पाहुन्याले दाखवाचं हाय." तिसऱ्या खेपेला आजीचंच लुगडं. बाईंनी ते उलगडलंसुद्धा नाही. "काहून वं पोट्टे, तुह्या घरी जितं मानूस कोनीच नाही का? सारं मेलेल्याईचंच आनून राहिली."

मला रडू कोसळलं. "बाबा बोलत नाहीत," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली."

प्रणिता समोरच होती. ती लेबलं चिकटवत राहिली.

बाईंनी मला पाणी दिलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. मुढ्यावरची धूळ झटकत म्हणाल्या, "उद्या सकाळची गाडी कितीची हाय?"

दुसऱ्या दिवशी आमच्या मागच्या अंगणात बाबांच्या खुर्चीसमोर बाईंनी मुढा टाकला. आई धसकलीच. तिला वाटलं, सरकारी चौकशी आली. बाबांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा पायांकडे बघू लागले. मी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन भिंतीला टेकले. मला वाटलं, बाई आता संत्री निवडल्यासारख्या गप्प बसतील. तर त्यांनी सांगायला सुरुवात केली. नाण्यांचं पुस्तक, शिपाई, ट्रंक, अकोला. आम्हा मुलांना सांगायच्या तेच, पण इथे त्या सावकाश सांगत होत्या. मध्येच आवाज कापला तेव्हा त्यांनी तो लपवला नाही. आपल्या बरोबरीच्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या.

संपलं. चिमण्यांचा कालवा तेवढा ऐकू येत होता. आणि मग बाबा बोलले. "तिनं दार लावून घेतलं. मंग तुमी काय केलं?"

"उभी राह्यली थोडा वेळ. मंग बस धरली."

"कोनाले सांगितलं?"

"तवापासून सगळ्याईलेच सांगून राहिली. ज्याले सांगाचं होतं तो ऐकाले नाही. तुमचे तर सारे जिते हायेत, भाऊ."

मी बटण दाबलं. मग बाबा बोलले ते कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत. कोणी किती वाफे लावले होते, कोणाला काय म्हणून बियाणं दिलं, सगळं त्यांना पाठ होतं. कंपनीला त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. शेवटी ते प्रणिताच्या वडिलांवर आले. ते दुकानात आले होते एकदा, उपटलेलं एक झाड घेऊन. काउंटरवर ठेवलं आणि चकार शब्द न काढता निघून गेले.

"त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं," बाबा म्हणाले. "ते झाड मी फेकलं नाही. वाळलं तरी काउंटरवरच होतं. मी त्याले म्हटलं होतं, माह्या घरचं समजून ने. मी तं लावून पाह्यलंच नव्हतं. चुकलं माहं, भाऊ. लय चुकलं."

ते बाईंना भाऊ म्हणत नव्हते, हे आम्हा तिघींनाही कळत होतं. आई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. मी टेप धरून बसले, आणि मला त्या क्षणी बाईंची भीती वाटली. देवळातल्या गाभाऱ्यात वाटते तशी.

बाईंकडे आपली कॅसेट आपण उतरवून काढायची नाही, असा नियम होता. माझी प्रणिताकडे गेली. ती कानाला हेडफोन लावून, मान खाली घालून लिहीत होती. बटण दाबायची, थांबवायची, मागे घ्यायची. पलीकडे सर गुरुत्वाकर्षण शिकवत होते. मी समोर बसून एकच खोकं पुन्हा पुन्हा आवरत होते. मध्येच तिने हेडफोन काढले.

"झाड खरंच ठेवलं होतं?"

"हो. दुकान चालू होतं तेव्हा आईनं काउंटर झाडायला घेतलं, तर तिच्यावर ओरडले होते."

ती पुन्हा लिहायला लागली. हा आमच्यातला पहिला खरा संवाद.

दुसराही एक नियम होता. कॅसेटमध्ये ज्याच्याविषयी बोललं गेलंय, त्याने ऐकल्याशिवाय ती कपाटात जायची नाही. म्हणजे प्रणिताच्या वडिलांना बोलवायला हवं होतं. मी बाईंना म्हटलं, "राहू द्या ना बाई. ते काही वाईट बोलले आणि बाबांच्या कानावर गेलं तर ते परत गप्प होतील." दोन वर्षांनी बापाचा आवाज ऐकला होता मी.

"होऊ शकते," बाई म्हणाल्या. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती. "पन त्याच्या पाठीमागं ठेवली तर ती चोरीच झाली. एक चोरी मले पुरली."

प्रणिताचे वडील भाजीचा लिलाव उरकून आले. उंच, वाळके, काखेत रिकामं पोतं. खुर्ची दिली तर नको म्हणाले, भिंतीशी पोतं अंथरून बसले. प्रणिताने टेप लावला. ते डोळे मिटून ऐकत होते. स्वतःचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "मांगं घे," मुलीला म्हणाले. तिने मागे घेतला. तेवढाच भाग पुन्हा ऐकला. मग म्हणाले, "बस."

बाईंनी पेन्सिल उचलली. प्रत्येक कॅसेटवर ऐकणाऱ्याचा शेरा लिहायची त्यांची पद्धत होती. पण त्या दिवशी बाई, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, उतावीळ झाल्या. "काय लिहू, दादा? माफ केलं, असं लिहू?"

"नाही." ते पटकन बोलले. "तसं नोका लिहू. माफ कराले मी एकटा का होतो? साऱ्या गावाची गोबी गेली. अन् माह्या बी मनातून पुरतं गेलं नाही अजून. खोटं काहून लिहाचं?" मग म्हणाले, "ऐकलं, असं लिहा. त्यानं सांगितलं अन् मी ऐकलं."

बाईंनी लिहिलं. ऐकलं. एका शब्दाचं काम, पण त्यांना वेळ लागला, आणि लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून लुगड्याच्या काठाने पुसला. एवढी मोठी बाई, पण तेव्हा मला ती अकोल्यातल्या त्या बंद दारासमोर उभी दिसली.

प्रणिताचे वडील पोतं झटकून उठले. दाराशी जाऊन वळले आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलले.

"बाप काय करते आता?"

"मागच्या अंगणात बसतात."

"किती मोठं हाय अंगन?"

मी हातानेच दाखवलं. त्यांनी अंदाज घेतला.

"दोन वाफे निंघतात. त्याले सांगजो, दुकान उघड म्हना. बियान्यासाठी आमाले परतवाड्याले जा लागते, दिवस मोडते. पन पयले आपल्या अंगनात लावून पाह्य म्हना, गड्डा धरला का मंग आमाले दे."

ते जिना उतरायला लागले. आणि बाई, ज्या कलेक्टरलाही जिन्यापर्यंत पोचवायला उठल्या नसत्या, तशाच अनवाणी त्यांच्यामागून खाली गेल्या. मी आणि प्रणिता खिडकीतून पाहत होतो. रस्त्यावर स्कूटरींची गर्दी होती. बाई त्यांच्याबरोबर पार चौकापर्यंत चालत गेल्या. काय बोलत होत्या कोण जाणे. बहुधा काहीच नसतील.

संध्याकाळच्या गाडीने मी घरी गेले. बाबा अंगणातच होते. मी निरोप सांगितला, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. माफ केलं नाही, हेही सांगितलं. ते सांगताना माझी जीभ अडखळली. बाबा ऐकत होते. मग त्यांनी अंगणाकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि खुर्ची उचलून भिंतीकडेला ठेवली.

"अवं," त्यांनी घरात आईला हाक मारली, "फावडं कुठं हाय आपलं?"